करंजाखालची वाळू

वाळू पाहिजे होती दोन डबे. तेवढ्यासाठी कुणाच्या दारात जाऊन हाका मारायची द्वारकाबाईला सवय नव्हती. पिठाची चाळणी काखेत मारली, रिकामे तेलाचे दोन डबे हातात घेतले आणि भर दुपारी ती एकटीच नदीला निघाली. पुढचं सगळं त्यातून झालं.

द्वारकाबाईचं घर ढोकीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. घराला चिकटून पिठाची गिरणी. तिचा नवरा बब्रुवान त्या गिरणीत पस्तीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटात उभा राहिला. गावाला बारीक दळण दिलं आणि स्वतःचे कान घालवून बसला. पार बहिरा नव्हता. जाड आवाज यायचा, बारीक यायचा नाही. भजनातला पखवाज ऐकू यायचा, टाळ नाही. कुत्रं भुंकलेलं कळायचं, बायको बोललेली कळायची नाही. कानात मशीन घाला म्हटलं की म्हणायचा, "म्या काय म्हातारा झालोय व्हय?" आणि पुढचं ऐकायचा नाही.

त्याला तंबाखूचा नाद नव्हता, पत्त्यांचा नव्हता. नाद एकच, गाण्याचा. फळीवर दोन जुनी साउंडची, म्हणजे स्पीकरची, खोकडी होती, विटेएवढी. त्यांना कान लावून लावून तो थकला. ज्या आठवड्यात गिरणी बंद करून पट्टा काढून ठेवला, त्याच आठवड्यात त्यानं सांगून टाकलं, की आता मोठे साउंड आणायचे.

"ह्या खोकड्यातनं मला नुसती कुजबुज येती," तो म्हणाला. "कोनतरी लांब बसून माझी निंदा करायलंय आसं वाटतंय."

"लांब कशाला? म्या जवळ बसूनच करती की," द्वारकाबाई म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं नाही.

तिचं ध्यान साउंडात नव्हतंच. लेक वैष्णवी बाळंतपणाला आलेली. नववा लागला होता, जावई पुण्याला कामावर. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे जोखीमही माहेरची. द्वारकाबाईला ती जोखीम ठाऊक होती. वैष्णवीच्या आधी सहा वर्षं तिला मुलगा झाला होता. चौथ्या दिवशी गेला. पाचवी पुजली नाही, बारसं झालं नाही, त्यामुळं नावही नाही. सासऱ्यानं आणि बब्रुवाननं त्याला फडक्यात गुंडाळून नेलं, तासाभरानं हातपाय धुऊन दोघं परत आले, आणि त्या दिवसापासून घरात त्यावर कुणी शब्द काढला नाही. तिनंही विचारलं नाही. एकतीस वर्षं झाली. आता तिला एवढंच पाहिजे होतं, की वैष्णवीचं लेकरू पाचवी ओलांडून बाराव्या दिवशी पाळण्यात पडावं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

साउंड टेम्पोतून आले, सोलापूरहून. फळीवर ठेवायचे नव्हेत, जमिनीवर उभे राहणारे. काळे, अरुंद, द्वारकाबाईच्या छातीला लागतील एवढे उंच. समोर कापडाची जाळी, मागं मुठीएवढं गोल भोक. बैठकीत दोन कोपऱ्यांत उभे केले तर पाहुणे येऊन मुकाट उभे राहिल्यासारखं दिसायला लागलं.

"ह्यास्नी जेवाय वाढायचं का?" द्वारकाबाई म्हणाली, आणि दोघांना हळदीकुंकू लावलं. नवीन वस्तू घरात आली की लावायचंच.

जोडायला दुकानाचा मेकॅनिक राजशेखर आला होता. शांत माणूस, काम नीट करणारा. त्यानं एक साउंड आडवा केला आणि बुडाला असलेलं रबरी बूच दाखवलं.

"काकू, ह्याच्या खालच्या कप्प्यात वाळू भरावी लागती. शहाबादी फरशीवर डबा हलका राहिला की दणक्याला थरथरतो, आन् डबा थरथरला की आवाज फाटतो. पर वाळू चांगली पायजे. धुतलेली, चाळलेली, कोरडी. क्रशरची आणायची असली तर धूळ पार धुऊन काढा. सकाळच्याला येतो म्या, मग चालू करू."

बब्रुवान वैष्णवीला घेऊन धाराशिवला दवाखान्यात गेला होता. त्यामुळं वाळूचं काम द्वारकाबाईकडं आलं.

आता नदीत वाळू कुठं राहिलीय? ट्रॅक्टरवाल्यांनी नदी खरवडून खरवडून तिचा काळा खडक वर काढलाय. मधी डबकी, कडेला चिखल, चिखलात चाकांच्या वळ्या. द्वारकाबाई पात्रातून वर वर चालत गेली. ऊन डोक्यावर होतं, पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. वळणावर करंजाची तीन झाडं आहेत, तिथं ती थांबली. झाडांखाली एका खोलीएवढी वाळू होती. पांढरी, बारीक, निवडून ठेवल्यासारखी. तिच्यावर चाकाची वळी नाही, माणसाचं पाऊल नाही, कुत्र्याचासुद्धा पंजा नाही.

"आंधळे मेले," ती ट्रॅक्टरवाल्यांना म्हणाली, आणि खाली बसली.

वाळू गार लागली. सावलीची म्हणून असेल. पहिली ओंजळ चाळणीत घातली, हलवली. खडा नाही, शिंपला नाही, मुळी नाही. सगळी वाळू खाली गेली आणि चाळणी रिकामी राहिली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तिनं चाळणी बाजूला ठेवली आणि हातानंच डबे भरायला घेतले.

काठावरून मोटारसायकल चालली होती ती थांबली. गावातलाच ज्ञानोबा होता. साठीचा माणूस, शहाणासुरता.

"द्वारकाबाई," तो वरूनच म्हणाला, "वाळू कशाला?"

"साउंडात भरायला."

तो तसाच उभा राहिला. टोपी काढली, डोकं खाजवलं. "दुसरीकडची न्हाय का मिळायची?"

"कुठाय दुसरीकडं? दावा की."

ज्ञानोबा काही बोलणार होता. तोंड उघडलं, मिटलं. मग टोपी घालून, तिच्याकडं न बघता, गाडी चालू करून निघून गेला. द्वारकाबाईला वाटलं, बाईनं फुकटची वाळू नेलेली ह्याला बघवत नाही.

सकाळी राजशेखरनं दोन्ही साउंडांत वाळू ओतली, बुचं बसवली, वायरी जोडल्या. बब्रुवान समोर खुर्ची टाकून बसला. गाणं सुरू झालं. आवाज मोठा नव्हता, पण त्यानं खोली भरून गेली, पायाखालच्या फरशीतून तो तळव्यांना लागला. बब्रुवान थोडा वेळ नुसता बसला. मग म्हणाला, "टाळ..."

"काय?"

"टाळ ऐकू येयलाय."

तोंड उघडं टाकून तो तासभर तसाच बसून राहिला. द्वारकाबाईला बरं वाटलं. तसं तिनं बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यातून एक गोष्ट मात्र बरी आली नव्हती. बाळ जरा सुस्त आहे, डॉक्टरीण म्हणाली होती. जेवल्यावर आडवं होऊन हालचाल मोजत जा. कमी वाटली तर रात्र असो, दिवस असो, निघून या. वैष्णवी जेवण झालं की चटईवर कुशीवर पडायची आणि पोटावर हात ठेवून मोजायची. द्वारकाबाई तिच्या तोंडाकडं बघत बसायची. आकडा कधी चारावर थांबायचा, कधी पाचावर.

एका दुपारी वैष्णवी डाव्या कोपऱ्यातल्या साउंडाला पाठ टेकून बसली. गाणी चालू होती.

"आई, इकडं ये," ती म्हणाली. "हात लाव."

द्वारकाबाईनं हात लावला. पोटात लाथ बसली, मग दुसरी, मग कूस बदलल्यासारखं पोट एका बाजूनं वर आलं.

"हितं बसलं की हालतंय बघ. तिकडं पडलं की गप."

"आवाजानं हालत आसंल."

"मग त्या दुसऱ्या साउंडापाशी बी हालाय पायजे की. तिथं न्हाय हालत."

एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी मधी थोडी शांतता असते, तशी झाली. त्या शांततेत द्वारकाबाईला डाव्या साउंडातून एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक. चुट... चुट... चुट... मग थोडा दम, मग पुन्हा चुट... चुट. दुसरं गाणं सुरू झालं आणि त्यात तो आवाज बुडाला.

द्वारकाबाई वाकून साउंडाच्या मागं गेली. त्या गोल भोकातून गाण्याबरोबर वारा बाहेर येतो. तो वारा तिच्या तोंडावर आला. त्याला वेखंडाचा वास होता. वेखंड, ओवा आणि धुरी. बाळाला न्हाऊ घालून शेक दिला की खोलीला येतो, तो वास.

घरात अजून बाळ नव्हतं. वेखंड आणलेलं पुडीत बांधून फडताळात होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं राजशेखरला बोलावून घेतलं. साउंडातून बारीक आवाज येतोय, एवढंच सांगितलं. त्यानं गाणं थांबवलं आणि जाळीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग डावीकडची वायर उजवीकडं घातली, उजवीकडची डावीकडं. आवाज डावीकडंच राहिला. मग त्यानं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, बोर्डातून वायर काढली, साउंडाच्या दोन्ही वायरी सोडून हातात धरल्या आणि पुन्हा कान लावला.

सावकाश मागं सरकला. कपाळ पुसलं.

"काकू, दुकानात आजवर म्या लई आवाज ऐकले. गुणगुण, खरखर, फटफट. त्या सगळ्यास्नी लाईट लागती. ह्याला लागत न्हाय."

द्वारकाबाईनं त्याच्या हातातल्या सुट्या वायरींकडं बघितलं.

"वाळू कुठली घातली?"

"नदीची."

"बदलून बघा," तो म्हणाला. चहा झालेला होता, तो न घेताच गेला.

वाळू बदलायला किती वेळ लागतो? साउंड आडवा करायचा, बूच काढायचं, संपलं. द्वारकाबाई दोनदा बुचापर्यंत जाऊन परत आली. आत काय असेल ते असो, त्याच्याजवळ बसलं की लेकीच्या पोटात हालचाल होत होती. कालचा आकडा बारा होता, आजचा चौदा. ते बंद पडलं तर कुणाला जाब विचारायचा? तिनं वैष्णवीची चटई त्या कोपऱ्यात नेऊन अंथरली आणि स्वतः उंबऱ्याजवळ शेंगा फोडत बसली.

तिसऱ्या दुपारी लाईट गेली. पंखा थांबला. बब्रुवान गिरणीत घोरत होता. वैष्णवी साउंडाला पाठ लावून कुशीवर झोपली होती. रस्त्यावर वाहन नव्हतं. शेंग फुटल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला, म्हणून द्वारकाबाईनं शेंगा फोडायचं थांबवलं.

चुट... चुट... चुट...

आता लपायला गाणं नव्हतं. भुकेलं लेकरू मूठ चोखतं तसा आवाज. मग तो थांबला. मग एक हुंदका, रडू येण्याआधीचा, दम ओढून घेतलेला... आणि रडू आलंच नाही. दम ओढलेलाच राहिला. द्वारकाबाई वाट बघत राहिली. तिनंही दम ओढून धरला होता, हे तिला नंतर कळलं.

वैष्णवी झोपेतच कण्हली. पोटावरचं लुगडं आतून ढकलल्यासारखं वर आलं, साउंडाच्या दिशेनं.

द्वारकाबाईला छातीत कळ आली. ओळखीची कळ होती, पण ओळखायला वेळ लागला, कारण ती शेवटची येऊन पंचवीस वर्षं झाली होती. तिनं खाली बघितलं. पोलकं भिजलं होतं. दोन्हीकडं. बावन्न वर्षांची बाई, पाळी जाऊन चार वर्षं झालेली, तिला पान्हा फुटला होता.

तिनं आरडाओरडा केला नाही. पदर पुढं ओढला, उठली, गिरणीत गेली आणि बब्रुवानला हलवून उठवलं.

असली गोष्ट बहिऱ्या माणसाला सांगायची म्हणजे ओरडून सांगावी लागते, आणि ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. तिनं गिरणीचं दार लावून घेतलं. भिंतींवर जुनं पीठ बसलेलं, फटीतून येणाऱ्या उन्हात ते तरंगत होतं. ती त्याच्या कानाला तोंड लावून बोलली. आवाजाचं सांगितलं, वासाचं सांगितलं. भिजलेलं पोलकं दाखवलं.

बब्रुवाननं एकच विचारलं. "वाळू कुठनं आणलीस?"

"वळणावरनं. करंजाखालची."

तो जात्याच्या कट्ट्यावर बसला.

"तिथली कुणी उचलत न्हाय," तो म्हणाला.

"कामून?"

"गावातली बारकी लेकरं तिथं हायेत. दात यायच्या आधी गेलेली. पहिल्यापास्नं तिथंच." त्यानं मान खाली घातली. "आपलं बी."

फटीतलं ऊन सरकून तिच्या पायावर आलं.

"एकतीस वर्सं," ती म्हणाली. "गावातल्या समद्या बाप्यांस्नी ठावं. ट्रॅक्टरच्या चोरांस्नी ठावं. त्या ज्ञानोबाला ठावं, वरनं बघून गेला. आन् पोटातनं काढलं तिला तेवढं ठावं न्हाय."

त्याला अर्धंच ऐकू गेलं असेल, पण तोंडावरून कळलं.

"बाईला सांगत न्हाईत," तो म्हणाला. "सांगितलं की ती जाती. आई गेली की त्ये मागं येतंय. आमच्या आजानं सांगितलेलं."

"म्या त्याच्याकडं गेले नव्हते. म्या वाळूला गेले."

"त्याला काय कळतंय?"

तिनं भिजलेल्या पोलक्यावर पदर ओढून घेतला.

"ऐक," बब्रुवान म्हणाला. "आलेलं लेकरू जागा बघतंय. घरात जागा एकच हाय. वैष्णवीच्या पोटात."

"पर त्याच्यानंच बाळ हालतंय."

"बाळ हालतंय का त्याला कोन ढकलायलंय... तुला काय ठावं?"

तेव्हा ती उठली.

वैष्णवीला त्यांनी शेजारच्या गजराबाईकडं बसायला धाडलं. दोघांनी दोन्ही साउंड आडवे केले. उजव्यातली वाळू सरसर डब्यात पडली, गार आणि कोरडी. डाव्याचं बूच काढलं तर वाळू येईना. बब्रुवाननं बुडावर थाप मारली. मग ती आली, थांबून थांबून, आणि ती कोमट होती. द्वारकाबाईनं त्याखाली हात धरला होता. तिनं तो काढून घेतला नाही.

"ह्यो डबा म्या घेती," ती म्हणाली.

दिवेलागणीला अजून वेळ होता. उन्हं तिरपी झाली होती. करंजाची फुलं गळून वाळूवर पडली होती. तिनं उकरलेला खड्डा मात्र दिसत नव्हता, तिथली वाळू सपाट झाली होती. बब्रुवाननं आपला डबा रिकामा करून तिच्यापाशी ठेवला, हात जोडले, आणि काठाकडं तोंड केलं.

"तू वत आन् ये. म्या म्होरं चालतो. माघारी बघायचं न्हाय. तू बी बघू नको."

तो पुढं निघाला. मागं ती किती वेळ बसली, डबा लगेच ओतला का नाही, काय बोलली, कुणाशी बोलली, त्यातलं त्याला काही कळलं नाही. ऐकू त्याला येत नव्हतं आणि बघायची त्याला मनाई होती. काठावर पोहोचून तो पाठमोराच उभा राहिला. सूर्य टेकला. ती त्याच्या शेजारून पुढं गेली तेव्हा दोन्ही रिकामे डबे तिच्या एका हातात होते. दुसरा हात पदराखाली होता. पदर पुढं घेतलेला, ओटीत पसाभर धान्य घेऊन बाई चालते तसा.

"काय हाय?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. हात दुखायलाय."

तिसऱ्या दिवशी वैष्णवीच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि धाराशिवला नीट बाळंतपण झालं. मुलगी. तीन किलोला थोडी कमी. जन्मली तशी खणखणीत रडली. द्वारकाबाईनं तिला हातात घेतलं, बोटं मोजली, तोंड बघितलं आणि परत दिली. पाचवी पुजली. सहावा दिवस आला आणि गेला. पोर दूध प्यायची, झोपायची, उठायची. सुस्त तर मुळीच नव्हती.

राजशेखर येऊन साउंडात क्रशरची वाळू भरून गेला, सात पाण्यांनी धुतलेली. जाताना त्यानं जाळीला कान लावला आणि मान हलवली. काही नाही. बब्रुवान पुन्हा खुर्ची टाकून टाळ ऐकायला लागला. सगळं जागेवर आलं असं त्याला वाटलं. द्वारकाबाई मात्र त्या दिवसांत घरातल्या घरात हळू चालायची, एका कुशीवरच निजायची, आणि छातीला फडकं बांधायची. का, ते कुणी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं. दुपारची वेळ. बैठकीत आढ्याच्या कडीला पाळणा टांगला होता, भिंतीपासून हातभर अंतरावर. फुगे लावले होते. गल्लीतल्या पंधरा-वीस बायका दाटीनं बसल्या होत्या, घुगऱ्यांचा वास होता. बब्रुवाननं नव्या साउंडावर सनई लावून दिली आणि बाप्यांमध्ये बाहेर जाऊन बसला.

बाळ पाळण्यात घालायच्या आधी त्याला पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवतात. एका अंगाला एक बाई, दुसऱ्या अंगाला दुसरी. एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं. एका बाजूला गजराबाई बसली, गावातली निम्मी बाळं तिच्या हाताखालून गेलेली. दुसऱ्या बाजूला पलीकडच्या घरची महादेवी. महादेवी वरून द्यायची, गजराबाई खालून परत करायची.

"वजनदार हाय गं पोरगी," गजराबाई म्हणाली. "बापावर गेली का काय?"

"बाप वाळलेला हाय, मावशी," वैष्णवी म्हणाली, आणि बायका हसल्या.

एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा, चारदा. पाचव्यांदा गजराबाई वाकली आणि पाळण्याखालून हात पुढं केले. तशीच वाकून राहिली. पाळण्याच्या झालरीमुळं तिला पलीकडचं दिसत नव्हतं.

"धर की गं महादेवी," ती म्हणाली. "कवाधरनं हात लांबवून बसलीय. भरून आले हात."

"कुनाला धरू, मावशी?" महादेवी म्हणाली.

बाळ महादेवीच्या खांद्यावर होतं. तिनं ते केव्हाच घेतलं होतं. टोपडं घातलेली पोर तिच्या मानेत तोंड खुपसून झोपली होती.

सनई चालूच होती. सगळ्यांना गजराबाईचे हात दिसत होते. डावा डोक्याखाली, उजवा बुडाखाली, मधी काही नाही. मनगटाच्या शिरा ताणलेल्या, आणि हात वजनानं हळूहळू खाली जायला लागलेले.

"घे गं बाई... पडंल..." गजराबाई म्हणाली.

द्वारकाबाई उठली. तिला कुणी उठ म्हटलं नव्हतं. बायकांमधून वाट काढत पाळण्यापाशी आली, खाली बसली आणि आपले दोन्ही हात गजराबाईच्या हातांखाली घातले.

"मान सांभाळ," गजराबाई सवयीनं म्हणाली.

"सांभाळली."

गजराबाईचे हात हलके होऊन वर आले. ती मनगटं चोळत उभी राहिली, महादेवीच्या खांद्याकडं बघितलं, आणि चोळायची थांबली.

द्वारकाबाई सावकाश उठली. पाळण्यावर वाकली, हात खाली टेकवले, एकेक करून काढून घेतले. गोधडीची घडी एका बाजूनं नीट केली. कडी कुरकुरली.

वैष्णवीनं महादेवीकडून आपली लेक घेतली होती.

"आई... ठेवू का आता?"

"ठेव की," द्वारकाबाई म्हणाली. "भिंतीच्या अंगाला ठेव. हिकडं सरकवू नको."

वैष्णवीनं आईच्या तोंडाकडं बघितलं. मग पोरीला भिंतीच्या बाजूला ठेवलं आणि दोन पावलं मागं झाली. दोरीला कुणी हात लावला नव्हता. पोर भिंतीकडं होती, आणि पाळणा हळूहळू दुसऱ्या अंगाला कलत गेला.